राजदूत ३५०: कागदावरची आणि लोखंडातली

या धाग्यावर आजवर आपण तापीवरच्या रेल्वेपुलापासून फैजपूरच्या १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनापर्यंत खानदेशातल्या थोरामोठ्या गोष्टींची उजळणी केली. आजची गोष्ट त्या मानाने लहान आहे आणि ती माझ्याच घरात घडलेली आहे. गेल्या वर्षी एका जुन्या मोटारसायकलीच्या खरेपणाविषयी निवाडा देण्याची वेळ माझ्यावर आली. इतिहासाची आवड असलेल्या माणसाकडे घरचे लोक असे काम मोठ्या विश्वासाने सोपवतात. त्या विश्वासाचे ओझे किती असते, हे मला तेव्हा कळले.

जुन्या जपानी गाड्यांच्या दुर्मीळ प्रकारांमागे धावणारी मंडळी जगभर आहेत. निसानच्या स्कायलाइन जीटी-आरचा ‘केनमेरी’ नावाने ओळखला जाणारा प्रकार १९७३ साली अवघ्या १९७ गाड्यांपुरता निघाला आणि थांबला. तिथे शोध घेणाऱ्याचे काम एका अर्थाने सोपे असते. कारखान्याची नोंद असते, आकडा पक्का असतो आणि प्रश्न एवढाच उरतो की त्या १९७ पैकी कोणती गाडी आज कोणाच्या गॅरेजात आहे. भुसावळात असली मोटार येण्याचा संभव नव्हताच. आमच्या वाट्याला जपानी वेगाचा जो एक तुकडा आला, तो दोन चाकांवर आला आणि त्याच्या टाकीवर नाव होते राजदूत.

राजदूत म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दुधाच्या कॅन लटकवलेली १७५ सीसीची गाडी येते. ती मूळची पोलंडची. तिथल्या एसएचएल एम-११ या गाडीच्या आराखड्यावर एस्कॉर्ट्स कंपनीने १९६२ पासून ती इथे बांधायला घेतली. (१९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटातली ती बुटकी गाडीही राजदूतच, पण तिची कहाणी पुन्हा केव्हातरी.) १९८३ साली त्याच कंपनीने, त्याच नावाखाली, एक सर्वस्वी निराळे यंत्र बाजारात आणले. यामाहाच्या आरडी ३५० बी या गाडीची ती परवान्याने केलेली भारतीय आवृत्ती होती. ३४७ सीसीचे, हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन आणि सहा गिअर. ज्या रस्त्यांवर बुलेट आणि येझदी हीच वेगाची परिसीमा होती, त्या रस्त्यांवर ताशी दीडशे किलोमीटरच्या घरात जाणारी गाडी उतरली. वाकबगार नसलेल्या हातांत ती पडली की काय होते, हे लोकांना लवकरच दिसले आणि ‘आरडी’ या दोन अक्षरांचा ‘रॅपिड डेथ’ असा विस्तार गावोगाव रूढ झाला. जपानी गाडीच्या पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे खर्च वाचवण्यासाठी तिथे ड्रम ब्रेक बसवला गेला. त्या विस्तारात या काटकसरीचाही वाटा असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आणखी एक काटकसर होती आणि आपली गोष्ट तिच्यापासूनच सुरू होते. मूळ जपानी इंजिन ३९ अश्वशक्तीचे. भारतात आले तेव्हा ते साडेतीसच्या आसपास आणले गेले. दोनेक वर्षांनी ते आणखी उतरवून २७ च्या जवळ नेले. कारण उघड होते. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर भारतीय ग्राहकाचा पहिला प्रश्न ‘अॅव्हरेज किती?’ हाच झाला होता. १९८५ च्या सुमारास होंडा, सुझुकी, यामाहा यांच्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या आणि लिटरमागे ऐंशी किलोमीटरच्या जाहिराती झळकू लागल्या. त्यांच्यापुढे वीस-पंचवीसवर समाधान मानणारी ही गाडी म्हणजे दारात बांधलेला हत्तीच. साडेतीस अश्वशक्तीच्या पहिल्या प्रकाराला चालवणाऱ्यांनी ‘हाय टॉर्क’ म्हणजे एचटी म्हटले आणि नंतरच्याला ‘लो टॉर्क’ म्हणजे एलटी. गाडीवर ही नावे कुठेही लिहिलेली नाहीत. ती मेकॅनिकांच्या आणि मालकांच्या तोंडची नावे आहेत, आणि आज जुन्या गाड्यांच्या बाजारात सगळी किंमत त्या दोन अक्षरांवर ठरते.

फरक नेमका कशात आहे, हे सांगणे भाग आहे. टू-स्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरला झडपा नसतात. सिलिंडरच्या, म्हणजे आपल्या बोलीतल्या ब्लॉकच्या, आतल्या भिंतीत खिडक्या कापलेल्या असतात. त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वरखाली होताना स्वतःच त्या झाकतो आणि उघडतो. जळालेला वायू ज्या खिडकीतून सायलेन्सरकडे जातो, तिची वरची कड जितकी उंच, तितकी ती लवकर उघडते. इंजिन वेगात फिरत असले की हे फायद्याचे ठरते. कोंडलेला वायू झटकन बाहेर पडतो आणि जोर वाढतो. पण गावातल्या चालीने गाडी हाकली तर त्याच उंच खिडकीतून नुकतेच आत आलेले, न जळलेले पेट्रोल बाहेर निसटते. कड खाली आणली की जोर घटतो आणि अॅव्हरेज वाढते. एचटी आणि एलटी यांच्यातले अंतर मुख्यतः या खिडक्यांच्या मापाचे आणि सायलेन्सरच्या आतल्या रचनेचे आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ते दिसत नाही.

इथे एका योगायोगाची नोंद करावीशी वाटते. ज्या १९८३ साली भारतात ही गाडी आली, त्याच साली यामाहाने परदेशात आरडी ३५० ची पाण्याने थंड होणारी नवी पिढी काढली. तिच्या पोर्टच्या तोंडाशी एक फिरती झडप होती आणि इंजिनाच्या वेगाप्रमाणे ती खिडकीची वरची कड आपोआप वरखाली करी. एकाच यंत्रात दोन्ही स्वभाव त्यांनी बसवले. आपल्याकडे मात्र त्या दोन स्वभावांचे दोन वेगळे ब्लॉक ओतले गेले आणि मालकाला त्यातला एक निवडावा लागला. काहींनी आधी एक निवडला आणि नंतर दुसरा. माझे काका त्यांपैकीच, हे मला फार उशिरा समजले.

काका भुसावळच्या रेल्वेत फिटर होते. १९८४ साली त्यांनी फंडातून कर्ज काढून ही गाडी घेतली. रेल्वे क्वार्टरच्या पायऱ्यांशी ती उभी असे आणि ड्युटीवरून आलेले काका आंघोळीआधी तिला पुसत. मे महिन्यात भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला तिथे थंड हवा मिळायची कुठून? दुपारी गाडी बाहेर काढायची नाही, असा त्यांचा दंडक होता. सावदा, फैजपूर, यावल अशी त्यांची फेरी पहाटे निघे. केळीच्या बागांमधून जाताना हवा अंगाला गार लागे आणि तेवढ्या टप्प्यात काका गाडी मोकळी सोडत. मी टाकीवर पुढे बसलेला असे. पाचव्या गिअरनंतर आवाजाचा पोत बदलत असे. खर्जातून एकदम तार सप्तकात जावे, तसा. पुढे मी कॉलेजात असताना त्यांच्यामागे बसलो तेव्हा तो बदल जाणवला नाही. लहानपणच्या सगळ्याच गोष्टी मोठ्या वाटतात, असे मानून मी तो विषय मनातल्या मनात मिटवला होता.

“आपली एचटी हाये,” असे काका शेवटपर्यंत सांगत. तीन वर्षांपूर्वी ते गेले. गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली राहिली. गेल्या उन्हाळ्यात चुलतबहिणीच्या ओळखीतून बाहेरगावच्या एका संग्राहकाचा फोन आला. त्यांनी दोन किमती सांगितल्या. एचटी असेल तर एक, एलटी असेल तर तिच्या निम्म्याहून थोडी अधिक. काकूंच्या घराचा स्लॅब दोन पावसाळे गळत होता. पहिल्या किमतीत तो पुरा होत होता, दुसरीत होत नव्हता. संग्राहकांनी मला आदरपूर्वक सांगितले, “सर, तुम्ही इतिहासाचे अभ्यासक. तुम्ही लिहून दिलंत तर मी पाहायलाही येणार नाही.”

आधी मी कागद पाहिले, कारण कागदांवर माझा विश्वास जास्त. आरसी बुक १९८४ चे. नंबर एमएच-१९ च्या आधीचा, तीन अक्षरांचा; १९८९ च्या जुलैपासून नवा मोटार वाहन कायदा लागू झाला आणि जिल्ह्याचा आकडा पाटीवर आला, त्याच्या आधीची ही नोंद. पंधरा वर्षांनंतरचे प्रत्येक नूतनीकरण काकांनी वेळेवर केलेले. चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही पुस्तकाशी जुळत होते. १९८४ ची गाडी म्हणजे एलटी निघण्याच्या आधीची. कोणत्याही वाजवी कसोटीला उतरणारा हा पुरावा होता. मी तिथेच थांबलो असतो तर कोणी मला खोटा म्हटले नसते.

थांबू दिले नाही ते चाचांनी. जामनेर रस्त्याकडचे हे म्हातारे मिस्त्री काकांचे जुने स्नेही. त्यांना मी बोलावले होते ते इंजिन मोकळे आहे का, एवढेच पाहायला. त्यांनी किकवर हाताने जोर देऊन पाहिला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “बेटा, नंबर खालच्या केसिंगवर असतो. ताकद वरच्या ब्लॉकमध्ये असते. नंबर पाहून काय होणार?”

त्यांनी सायलेन्सर उतरवले, हेड काढले, मग दोन्ही ब्लॉक उचलून माझ्यापुढे वर्तमानपत्रावर ठेवले. पोर्ट मोजायची त्यांची पद्धत पाहून मला प्राचीन शिलालेखांचे ठसे घेणाऱ्यांची आठवण झाली. पातळ कागदाची गुंडाळी करून ब्लॉकच्या आत भिंतीला चिकटवायची आणि बोटाने शाई किंवा ग्रीस पसरत न्यायचे. जिथे खिडकी आहे तिथे कडेची रेघ उमटते. कागद बाहेर काढून सपाट केला की सिलिंडरचा सगळा आतला नकाशा हातात येतो. आम्ही दोन ठसे घेतले. नाशिकच्या एका गृहस्थांकडे पहिल्या वर्षातली, कधीही न बदललेली गाडी आहे. त्यांनी तिच्या ब्लॉकचा ठसा मला पाठवला. तिन्ही कागद टेबलावर एकावर एक ठेवून मी खिडकीच्या उजेडात धरले. नाशिकच्या खिडकीची वरची कड आमच्या दोन्ही कडांच्या स्पष्ट वर होती. आमचे ब्लॉक एलटीचे होते.

चाचांना आश्चर्य वाटले नाही. म्हणाले, आखाती युद्धाच्या सुमारास पेट्रोल कडाडले तेव्हा खानदेशातल्या निम्म्या आरडींचे असेच झाले. चार मुलांचा संसार चालवणाऱ्या माणसाने वीसचे अॅव्हरेज किती दिवस सोसायचे? एलटीचा जुना ब्लॉक आणायचा, रिबोअर करायचा, ओव्हरसाइज पिस्टन टाकायचा. गाडी सत्तावीस-अठ्ठावीस देऊ लागे. तेलाचा ऑटोल्यूब पंप तर बहुतेकांनी आधीच काढून टाकला होता. पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, म्हणजे डोक्याला ताप नाही. जपानने दिलेले यंत्र आणि भुसावळला परवडणारे यंत्र यांच्यातली तडजोड लेथवर होत असे आणि तिची नोंद कोणत्याही सरकारी रजिस्टरात होत नसे.

“तुझ्या काकांना ब्लॉक धुळ्याहून आणला होता,” चाचा म्हणाले. “तू होतास की सोबत. छोटा होतास.”

मग ते आठवले. १९९१, मी बारा वर्षांचा. एसटीने धुळ्याला गेलो होतो. जाताना माझ्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेले काहीतरी जड होते आणि येतानाही तसेच काहीतरी होते, म्हणून मला ते एकच वाटले होते. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा काकांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः घेतला नाही. ज्या आवाजाचा बदल मी बालपणीच्या अतिशयोक्तीच्या खात्यावर टाकला होता, तो खरा होता. आणि तो आवाज मीच मांडीवर घेऊन धुळ्याला पोचवून आलो होतो.

जुने ब्लॉक मिळाले तर गाडी पुन्हा कागदाप्रमाणे होईल, आणि मला खोटे न बोलता पहिली किंमत मागता येईल, असा हिशेब मनाशी करून मी धुळ्याला गेलो. तीस वर्षांनंतर ब्लॉक मिळण्याची आशा धरणे हास्यास्पद होते, हे मान्य. जळगावच्या भंगार बाजारात आधी दोन दिवस काढले. तिथे आरएक्सचे ढीग आहेत, आरडीचे नाव काढले की लोक हसतात. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत लेथची तीन-चार दुकाने पाहत फिरताना एका तरुण टर्नरने मशीन बंद न करताच विचारले, “काय शोधी राह्यनात भाऊ?” मी सांगितले. त्याने मशीन बंद केले.

त्याचे वडील हयात नव्हते. पण कामाच्या टेबलावर, कापायच्या गॅस्केटच्या पत्र्यावर वजन म्हणून, एक ब्लॉक उभा होता. वापरून वापरून त्याचा तळ आरशासारखा झाला होता. एका कोपऱ्यातल्या तीन फिन तुटलेल्या होत्या. क्वार्टरच्या पायऱ्यांवर ब्लॉक काकांच्या हातून निसटला, तो आवाज आणि पाठोपाठचा त्यांचा सुस्कारा मला आजही ऐकू येतो. आम्ही आत कागद बसवून ठसा घेतला. नाशिकच्या ठशाशी कड बरोबर जुळली. रिबोअरची एक पायरी सोडली तर काहीच फरक नव्हता.

ब्लॉक एकच होता. या इंजिनाला दोन लागतात. दुसरा कधीच कोणाच्या गाडीत गेला होता. आणि हा एकही तो विकायला तयार नव्हता. उद्धटपणाने नव्हे, चहा मागवला, खुर्ची पुसून दिली. म्हणाला, बाबांनी याच ब्लॉकच्या तळावरून गॅस्केटचे माप घेतले आणि साक्री-शिरपूरपासून मालेगावपर्यंत ज्या कुणाच्या आरडी अजून चालतात, त्यांची गॅस्केटे याच्यावरूनच कापली जातात. “हा दिला तर माप कशावरून घेऊ?” मी त्याला संग्राहकांनी सांगितलेल्या किमतीचा थोडा अंदाज दिला. तो क्षणभर थांबला, मग नाही म्हणाला. मला बरे वाटले की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

परतीच्या वाटेवर वारंवार एकच विचार येत होता. आरसी बुक, चॅसिस नंबर, इंजिन नंबर, १९८४ ची तारीख हे सारे खरे आहे. मी ‘१९८४ ची, जुळणाऱ्या नंबरांची मूळ गाडी’ एवढेच लिहून दिले तर त्यातला एकही शब्द असत्य नाही. इतिहास लिहिणाऱ्याला ही वाट ओळखीची असते. कागदाच्या आड उभे राहण्याची ही सोय आपण कितीदा वापरतो! या धाग्यावरही मी ती कधी वापरली नसेल, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

घरी येऊन काकूंना सगळे सांगितले. धुळ्याचा ब्लॉक, तुटलेल्या फिन, दोन किमती. त्या तांदूळ निवडत होत्या. काका शेवटपर्यंत एचटी म्हणत राहिले ते का, असे मी विचारले. त्यांनी ब्लॉक स्वतः बदलला होता, त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. काकू म्हणाल्या, “त्यायले ठाऊक होतं. मले बी ठाऊक होतं. तुमी पोरं पुढे बसून खुश व्हायचे, म्हनून म्हनायचे.” मग सूप झटकत, “मंग त्या मानसाले तसंच सांग. खोटं कायले बोलायचं? स्लॅबचं पाहू.”

मी दोन पानांचे टिपण केले. गाडीचे मूळ रूप एचटी, १९९१ मध्ये पेट्रोलच्या किमतीमुळे ब्लॉक बदलले, सध्याचे ब्लॉक एलटीचे, दोनदा रिबोअर झालेले, ऑटोल्यूब पंप काढलेला, सायलेन्सर एलटीचे. सोबत चारही ठशांचे फोटो जोडले. शक्य तिथे महिनाही लिहिला. शिवाय हेही लिहिले की केंद्राच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणीसाठी पहिल्या नोंदीपासून पन्नास वर्षे लागतात, म्हणजे या गाडीला २०३४ उजाडावे लागेल.

संग्राहकांचे उत्तर दुसऱ्याच दिवशी आले. टिपण फार आवडले, असे टिपण त्यांना आजवर कोणी दिलेले नाही, असे त्यांनी लिहिले आहे. गाडीच्या किमतीविषयी त्यात काही नाही. धुळ्याच्या त्या टर्नरचा पत्ता मात्र मागितला आहे.

मी अजून उत्तर दिलेले नाही. रविवारी चाचा येणार आहेत. हेड पुन्हा बसवायचे आहे. धुळ्याहून येताना त्या मुलाने दोन गॅस्केट कापून दिली होती, पैसे न घेता. ती पडवीत खिळ्याला टांगून ठेवली आहेत.